सोसायटीचे सचिवपद, रात्रीचे संदेश आणि स्टोइक विचार

पागोळी

नमस्कार. आमच्या 22 सदनिकांच्या गृहनिर्माण संस्थेची सचिव म्हणून गेल्या वर्षी माझी बिनविरोध निवड झाली. बिनविरोध म्हणजे दुसरे कोणी तयार नव्हते, हे अनुभवी वाचकांना सांगायला नको. सध्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे काम चालू आहे. कंत्राटदारांची कोटेशने मागवली, विशेष सर्वसाधारण सभेत ठराव मंजूर करून घेतला, प्रत्येक बिलाची प्रत सूचना फलकावर लावली, तरीही व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर 'टक्केवारी'चा विषय निघतोच आणि रात्री उशिरा आलेला तसा एखादा संदेश माझी झोप उडवतो.

मन थोडे स्थिर व्हावे म्हणून मी एपिक्टेटस आणि सेनेका हे प्राचीन रोमन काळातले स्टोइक पंथाचे तत्त्वज्ञ वाचायला घेतले, पण दोन ठिकाणी अडले आहे. आपली मते, प्रेरणा, इच्छा आणि तिटकारा आपल्या हाती आहेत. शरीर, मालमत्ता, लौकिक आणि पद हाती नाहीत, असे एपिक्टेटस सांगतो. गच्चीचे काम चांगले होणे हे थोडे माझ्या हाती आहे आणि थोडे नाही, तर ते कोणत्या रकान्यात घालायचे? 'हाती नाही' म्हणून सोडून दिले तर पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच्या लोकांनी बादल्या लावायच्या का? दुसरे असे की, संभाव्य संकटांचे आधीच चिंतन करावे हा सल्ला मी पाळून पाहिला, तेव्हा काळजी कमी होण्याऐवजी वाढली. हे विचार प्रत्यक्ष आचरणात आणणाऱ्यांनी कृपया लिहावे.

गोदाकाठ

आपला पहिला प्रश्न जुनाच आहे आणि स्टोइकांच्या टीकाकारांनी तो प्राचीन काळीच विचारलेला आहे. रोमन लेखक सिसेरोने आपल्या एका संवादात स्टोइकांची बाजू केटो या रोमन स्टोइकाच्या तोंडी मांडली आहे, तेथे तिरंदाजाचा दाखला येतो. तिरंदाज नेम साधण्यासाठी करता येण्याजोगे सर्व काही करतो आणि ते सर्व काही करणे हेच त्याचे अंतिम साध्य असते. बाण लक्ष्यावर बसणे ही पसंत करण्याजोगी गोष्ट असली, तरी त्याच्या भलेपणाचे माप तिच्यावर ठरत नाही.

तेव्हा 'गच्चीचे काम' ही एकच नोंद न ठेवता ती फोडावी. कोटेशनमध्ये कोणते साहित्य आणि किती थर धरले आहेत हे तपासणे, हमीची मुदत करारात लिहून घेणे, गच्चीवर पाणी साठवून गळतीची चाचणी झाल्याशिवाय शेवटचा हप्ता न देणे, ही सर्व आपली कामे आहेत आणि त्यांत कसूर झाली तर एपिक्टेटसही आपल्या बाजूने उभा राहणार नाही. मजूर मध्येच गावी निघून जाणे, पाऊस आधी येणे आणि शेजाऱ्याच्या मनातला संशय या गोष्टी दुसऱ्या रकान्यात जातात. सोडून द्यायचा तो निकालावरचा हक्क. काम सोडून द्यावे असे या पंथात कोणीही म्हटलेले नाही. हे शिकवणारा एपिक्टेटस स्वतः रोममध्ये गुलाम होता, पुढे मुक्त झाला, सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना हद्दपार केल्यावर ग्रीसमधल्या निकोपोलिसला गेला आणि तेथे त्याने शाळा काढली.

पोथीवाला

दुसऱ्या अडचणीबद्दल लिहितो. संकटांचे पूर्वचिंतन आणि काळजी यांत गल्लत होणे स्वाभाविक आहे, कारण सेनेकानेच आपला मित्र लुसिलियस याला लिहिलेल्या पत्रांत दोन वेगळे सल्ले दिले आहेत. 13व्या पत्रात तो म्हणतो की आपण प्रत्यक्षापेक्षा कल्पनेतच जास्त सोसतो, म्हणून संकट येण्याआधीच दुःखी होऊ नये. 24व्या पत्राच्या वेळी लुसिलियस एका खटल्याच्या निकालाच्या धास्तीत आहे, आणि तेथे सेनेका त्याला मुद्दाम दुसऱ्या वाटेने नेतो: ज्याची भीती वाटते ते नक्की घडणारच असे धरून चाल, आणि मग ते संकट केवढे आहे याचे मोजमाप कर.

मोजमाप हा येथला कळीचा शब्द आहे. काळजी 'लोक काय म्हणतील' येथेच घुटमळत राहते आणि पुढच्या वाक्यापर्यंत कधी पोहोचतच नाही. आपल्या बाबतीत ते वाक्य पूर्ण करून पाहा: समजा, सभेत कोणी उघड आरोप केला, मग आपण हिशेबाची फाईल पुढे ठेवाल, गरज पडल्यास लेखापरीक्षकाला बोलवाल, आणि अगदी टोकाला गेले तर पदाचा राजीनामा द्याल, जे पद मुळात कोणालाच नको होते! हे दिवसाउजेडी, कागदावर आणि एकदाच करावे. अंथरुणात पडून केलेले चिंतन बहुधा नुसती काळजीच असते.

शिष्य आरियनने संकलित केलेल्या एपिक्टेटसच्या छोट्या पुस्तिकेत सार्वजनिक स्नानगृहाचा एक परिच्छेद आहे. स्नानाला निघण्यापूर्वी तेथे काय काय घडते ते आठवावे, असे तो सांगतो: कोणी पाणी उडवते, कोणी धक्का देते, कोणी शिव्या देते, कोणी चोरी करते. मग मनाशी म्हणावे की मला स्नानही करायचे आहे आणि माझी वृत्तीही ठिकाणावर ठेवायची आहे. सोसायटीचा ग्रुप उघडण्यापूर्वी एवढी तयारी पुरेशी आहे.

तिसरी घंटा

वरील प्रतिसाद आवडले, तरी एक हरकत नोंदवतो. मनःशांतीसाठी स्टोइक वाचणे हा आजकालचा प्रघात झाला आहे आणि त्यात या विचाराचा सामाजिक भाग सोयीस्करपणे गळून पडतो. स्टोइक विचारांचा रोमन बादशहा मार्कस ऑरेलियस याचा सकाळचा परिच्छेद सर्वत्र फिरतो: आज मला लुडबुडे, कृतघ्न, उद्धट आणि मत्सरी लोक भेटतील. त्याचा उत्तरार्ध मात्र क्वचितच कोणी देते. तेथे तो म्हणतो की हे लोक माझे आप्तच आहेत, आणि दोन पाय, दोन हात, पापण्या किंवा दातांच्या वरच्या व खालच्या ओळी यांच्याप्रमाणे आम्ही एकमेकांच्या साहाय्यासाठी जन्मलो आहोत. डॅन्यूबकाठच्या लष्करी मोहिमांच्या वर्षांत, हाताखालच्या माणसांशी रोज गाठ असताना, बादशहा हे स्वतःला बजावत होता.

म्हणून पागोळीताईंना विचारावेसे वाटते की आरोप करणाऱ्या सदस्याच्या बोलण्यात एखादा खरा प्रश्न दडलेला आहे का, हे पाहिले गेले का? 'त्याचे मत माझ्या हाती नाही' असे म्हणून त्याला रकान्याबाहेर ढकलणे फार सोपे आहे.

पागोळी

सर्वांचे मनापासून आभार. तिसरी घंटा यांचा प्रश्न टोचला, पण रास्त आहे. सर्वांत जास्त संदेश पाठवणाऱ्या काकांच्या बैठकीच्या छताचा गिलावा दोनदा पडलेला आहे आणि आधीच्या समितीने त्यांच्या अर्जांना उत्तरच दिले नव्हते. त्यांच्याशी प्रत्यक्ष बोलायला हवे. मात्र रात्रीच्या संदेशाला लगेच उत्तर द्यावे की नाही, हे अजून ठरत नाही.

पोथीवाला

रागावरचा सर्वांत मोठा उपाय विलंब, असे सेनेकाने त्याच विषयावरच्या ग्रंथात लिहिले आहे, त्यामुळे रात्री उत्तर देऊ नये. त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या भागात तो आपला रोजचा परिपाठ सांगतो. रात्री दिवा दूर नेल्यावर, त्याची सवय ठाऊक असलेली पत्नी गप्प झाली की तो संपूर्ण दिवस तपासतो आणि स्वतःपासून काही लपवत नाही. त्यात एके ठिकाणी तो स्वतःला म्हणतो की अमक्याला तू गरजेपेक्षा जास्त स्पष्ट बोललास, त्यामुळे तो सुधारला नाही, दुखावला मात्र गेला. यापुढे आपले म्हणणे खरे आहे का एवढेच न पाहता, ऐकणाऱ्याला ते सोसवेल का हेही पाहा.

काकांना ग्रुपवर काहीच लिहू नये. रविवारी सकाळी ठरावाची प्रत आणि बिले घेऊन त्यांच्या घरी जावे, आधी ते छत पाहावे, आणि हिशेबाचा विषय त्यांनी काढला तरच काढावा.