मेणबत्ती विझल्यावर काय होतं ते बघा

‘प्रयोग दाखवला की मुलांना कळतंच’ असं म्हणतात, ते मला पटत नाही. आधी अंदाज लिहून घेतला नाही तर मुलं प्रयोग नुसता बघतात. ताटलीतल्या पाण्यात मेणबत्ती पेटवून वर ग्लास पालथा घालायचा, हा नेहमीचाच प्रयोग. ‘ऑक्सिजन संपला म्हणून ग्लासात पाणी चढलं’ असं मीही वर्षानुवर्षं सांगत आले. एकदा अंदाज वहीत लिहून घेतले, तेव्हा एका मुलीने विचारलं, ‘बाई, मग ज्योत विझल्यावरच पाणी एकदम का चढतं?’

दुसऱ्या दिवशी एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या. ग्लास तोच, म्हणजे आतला ऑक्सिजनही तेवढाच, पाणी मात्र जास्त चढलं. म्हणजे कारण वेगळंच. तापलेली हवा ग्लासच्या काठाखालून निसटते आणि उरलेली ज्योत विझल्यावर गार होताना आकसते, म्हणून पाणी आत चढतं. निसटणारे बुडबुडे मुलांनीच मला बोट ठेवून दाखवले.