जानेवारीची वाट बघा

"फ्रेंच खेड्यात नाताळला कुणी विचारत नाही" असं तिथे नव्याने राहायला गेलेल्या कुणाला वाटेल. अहो, २४ डिसेंबरची रात्र तिथे घरच्यांचीच. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला कोण कुणाकडे जातं?

गावाचा सण जानेवारीत असतो. मेयर सगळ्यांना सभागृहात बोलावतो, लांबलचक भाषण देतो (ते सोसायचं), मग वाइन आणि 'गालेत दे र्वा'. बदामाचं सारण भरलेला हा पापुद्र्यांचा केक खरा ६ जानेवारीचा, पण महिनाभर चालतो. आत 'फेव्ह', म्हणजे चिनीमातीची इवलीशी बाहुली, लपवलेली असते. सगळ्यात लहान पोर टेबलाखाली बसून कुठला तुकडा कुणाला ते सांगतं. फेव्ह ज्याला मिळेल तो राजा, त्याला कागदी मुकुट.

मला तिथल्या पहिल्याच वर्षी मिळाली, थेट दाढेखाली! मुकुट घालून गाल चोळत बसलो. शेजारच्या आजी हसून हसून बेजार. त्या दिवसापासून त्यांनी 'व्हू' सोडलं आणि मला 'त्यु' म्हणू लागल्या, म्हणजे आपलं अहो-जाहोवरून अरे-तुरेवर येणं.

आणि हो, डिसेंबरच्या सुमारास अग्निशमन दलाचे जवान कॅलेंडर घेऊन दारी येतात. दार लावू नका, पाच-दहा युरो द्या, दोन शब्द बोला. माझ्या निम्म्या ओळखी तिथूनच झाल्या.