हेळवाकची रामघळ: वाट, पाणी, मोहोळं

कृष्णाकाठ: समर्थ रामदासांच्या एकांत-उपासनेची घळ पाहायचीय. सांगलीहून डिसेंबरात सहाजण येतोय. वाट आपली आपण सापडेल का?

सडेकर: कऱ्हाड-चिपळूण एसटीने हेळवाकला उतरा, वाटाड्या गावातलाच घ्या. रानात गुरांच्या वाटा इतक्या फुटतात की चुकायला होतंच. कोयना अभयारण्याचा परिसर आहे, वनखात्याला आधी विचारा. माणशी ३ लिटर पाणी घ्या, धबधब्याच्या भरवशावर राहू नका.

घाटवाट: घळीत धूप, कापूर, चूल काहीही नको! कड्याला आग्या मोहोळं असली तर धुराने उठतात. अत्तरही टाळा. उठलीच तर हात न झटकता तोंड झाकून दाट झाडीत पळा.

कृष्णाकाठ: आणि श्रावणात?

सडेकर: नकोच. ओढे अचानक चढतात, कातळावर शेवाळ असतं. जळवा वेगळ्याच, त्यांना मिठाची पुरचुंडी लावा, ओढू नका.