मुलांच्या वॉर्डातले मनोविकार बदलले, की फक्त नोंद बदलली?

परळकर: पूर्वी मनोविकारासाठी भरती झालेलं मूल म्हणजे बहुधा सायकोसिस (भास-भ्रम), मेनिया (अतिउत्साहाची अवस्था) नाहीतर कन्व्हर्जनचे, म्हणजे मानसिक ताणातून येणारे झटके. आता नैराश्य आणि स्वतःला केलेली इजा पुढे आली आहे. अमेरिकेत २००९ ते २०१९ या काळात सर्वसाधारण रुग्णालयांत मनोविकारांसाठी मुलांच्या भरत्या सुमारे २६ टक्क्यांनी वाढल्या. त्यांत आत्महत्येचा विचार, प्रयत्न किंवा स्वतःला इजा यांचा वाटा ३१ टक्क्यांवरून ६४ वर गेला. आपल्याकडे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात मनोविकारांचं प्रमाण ७.३ टक्के होतं, महानगरांत १३.५. मुंबईच्या केईएम, सायन, नायर या तिन्ही रुग्णालयांत किशोरांसाठी वेगळ्या खाटा हव्यातच.

केसपेपर: २६ टक्के मान्य. पण ३१ चे ६४ झाले ते सगळं आजारामुळे, हे पटत नाही. अमेरिकेत ऑक्टोबर २०१५ मध्ये आजारांच्या कोडची यादी बदलली, आयसीडी-९ जाऊन आयसीडी-१० आली, म्हणजे मोजणीच्या मधोमध कोड बदलले. २०१३ मध्ये डीएसएम-५ ने, म्हणजे मनोविकारांच्या अमेरिकन निदान-पुस्तिकेने, सतत चिडणाऱ्या मुलांसाठी वेगळं निदान आणलं. त्याआधी तिथे त्यांतल्या बऱ्याच जणांवर बायपोलरचा (कधी मेनिया, कधी नैराश्य) शिक्का बसायचा. आणि २००७ मध्ये अँटी-एनएमडीए एन्सेफलायटिस, म्हणजे मनोविकारासारखी दिसू शकणारी मेंदूची सूज, ओळखला गेला, तेव्हापासून 'अचानक सायकोसिस' झालेल्या काही मुली न्यूरोलॉजीत जातात. निदानाची पाटी बदलली की आकडा हलतोच.

परळकर: तुमचा मुद्दा तिकडे लागू असेल. इथे चूक उलट्या बाजूला होते. उंदीर मारायची पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट खाल्लेली मुलगी घ्या. पहिल्या दिवशी उलट्या, मग दोन-तीन दिवस बरी दिसते, आणि नेमकं तेव्हाच लिव्हर बिघडायला लागतं. म्हणून सगळं लक्ष आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) आणि लिव्हरच्या एन्झाइम्सवर. सायकियाट्रीचा रेफरन्स, म्हणजे मनोविकारतज्ज्ञांना बोलावणं, जातो डिस्चार्जच्या सकाळी. घरचे पोलीस केसच्या धास्तीने 'चुकून खाल्लं' सांगतात आणि डिस्चार्ज कार्डावर उरतं फक्त 'पॉइझनिंग'. नैराश्य कुठेच मोजलं जात नाही. खरं तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यावर तीव्र ताण होता असंच गृहीत धरतं, आणि आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं आयपीसीचं कलम ३०९ भारतीय न्याय संहितेत आलंच नाही. पण कॅज्युअल्टीत हे पालकांना सांगतं कोण?

केसपेपर: मग आधी नोंद सुधारा. आयसीडी-१० मधला विषाचा टी कोड, हेतूचा (स्वतःला इजा) एक्स६० ते एक्स८४ मधला आणि मनोविकाराचा एफ, तिन्ही कार्डावर आले पाहिजेत. रेफरन्स मूल शुद्धीवर येऊन बोलायला लागलं की लगेच, आणि मुलाशी काही वेळ पालकांना बाहेर ठेवून बोलायचं. वर्षभर हे करा, मग खाटांचा हिशेब मांडा. आज मागाल त्या खाटा अंदाजाने मागाल.

सायन_ओपीडी: वर्षभर थांबणं मला मंजूर नाही, पण नुसत्या खाटांनीही भागणार नाही. त्याच २०१७ च्या कायद्याच्या कलम ८७ प्रमाणे अल्पवयीनाला मानसिक आरोग्य आस्थापनेत भरती करायचं तर दोघांनी स्वतंत्र तपासायचं, त्यांतला एक तरी सायकियाट्रिस्ट. मोठ्यांपासून वेगळं ठेवायचं, मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला ७२ तासांत कळवायचं. मुलासोबत कोणीतरी पूर्ण वेळ हवं. मुलीसोबत वडीलच असतील तर महिला सोबती नेमावी लागते.

सगळं अडतं ते या सोबतीवर. धारावी-गोवंडीच्या रोजंदारीवरच्या आईचा रोज बुडतो, आठवडा संपायच्या आत ती 'डामा' (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज) सही करून मुलाला घेऊन जाते. नैराश्यावरचं औषध फ्लुओक्सेटिन नुकतंच सुरू झालेलं असतं; पहिल्या काही आठवड्यांत बेचैनी किंवा मरणाचे विचार वाढू शकतात, नेमक्या त्याच दिवसांत मुलावर नजर नसते. अशी सही झाली तरी आठवड्याच्या आतली तारीख हातात द्या, गोळ्या आठवड्यापुरत्याच आणि त्याही आईच्या ताब्यात. घरातली पेस्ट त्याच दिवशी बाहेर. कार्डावर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लिहा.

आणि परळकर, खाटांचा प्रस्ताव लिहाल तेव्हा रात्रपाळीच्या आयाबाईचं पद आणि सोबत राहणाऱ्या पालकाचा बुडीत रोज, दोन्ही त्यात मागा.