बीकॉमनंतर दुबईत अकाउंटंट व्हायचंय, जमेल का?

प्रश्न: सांगलीत सीएंच्या ऑफिसात टॅली, जीएसटी रिटर्न बघतो. एसीसीए (अकाउंटंटसाठीची ब्रिटनची आंतरराष्ट्रीय परीक्षा) करून दुबईला जायचंय, पण घरचे म्हणतात वय निघून चाललंय.

उत्तर १: कर रे बिनधास्त. 13 पेपर, पासिंग 50 टक्के, बीकॉमवाल्यांना काही पेपर माफ होतात आणि मेंबर व्हायला 36 महिन्यांचा अनुभव लागतो, तो भारतातला पण धरतात म्हणून नोकरी सोडू नकोस.

उत्तर २: मी शारजात आहे. इकडे 2018 पासून 5 टक्के व्हॅट (आपल्या जीएसटीसारखा विक्रीवरचा कर), 2023 पासून कॉर्पोरेट टॅक्सपण आलाय, तुझा जीएसटीचा हात उपयोगी पडेल. मला इंटरव्ह्यूत लॅपटॉप देऊन सरळ बँक रिकन्सिलिएशन (आपली वही आणि बँकेचं स्टेटमेंट जुळवून बघणं) करायला बसवलं होतं, तेव्हा एक्सेल पक्कं कर. आणि वर्क व्हिसाचा खर्च कंपनीनेच करायचा असतो, एजंटला एक रुपया देऊ नकोस!

प्रश्नकर्ता: थँक्यू दादा, रजिस्ट्रेशन करतोच आता.