वाट करून देणे आणि पिटमधली जागा
नॅस्कर या अमेरिकी मोटार शर्यतींच्या मालिकेत तेव्हा हंगामाच्या अंतिम शर्यतीत चारच चालक विजेतेपदाचे दावेदार असत, आणि त्यांच्यातला सर्वांत पुढे येणारा हंगामाचा विजेता ठरे. इतर चालक या दावेदारांना वाट करून देत, म्हणूनच 2014 ते 2022 या नऊही वर्षांत हंगामाचा विजेता अंतिम शर्यत जिंकूनच ठरला, असे एक मत मांडले जाते; ते मला अर्धेच पटते. 2023 मध्ये फिनिक्सला झालेल्या अंतिम शर्यतीत, दावेदार नसलेल्या रॉस चॅस्टेनने दावेदार रायन ब्लेनीला शेवटपर्यंत पुढे जाऊ दिले नाही (ब्लेनीने चिडून मागून धक्काही दिला) आणि शर्यत जिंकली; ब्लेनी शर्यतीत दुसरा येऊनही हंगामाचा विजेता झाला.

खरा फायदा पिटमधल्या (शर्यतीदरम्यान चाके बदलायला आणि इंधन भरायला गाड्या थांबतात तिथल्या) जागेचा असतो, ज्याचा त्या मतात उल्लेखच नाही. 2021 च्या अंतिम शर्यतीत, पात्रता फेरीत पहिला आल्यामुळे काइल लार्सन या दावेदाराला पिटमधून बाहेर पडण्याच्या रेषेलगतची जागा मिळाली होती, आणि शेवटच्या थांब्यासाठी चौथ्या क्रमांकावर आत गेलेला तो त्या जागेमुळे आणि चमूच्या चपळाईमुळे पहिल्या क्रमांकावर बाहेर आला.