जॉर्ज बेंजामिन यांचा संथपणा: गुण की चैन?

स्वरलिपी:
ब्रिटिश संगीतकार जॉर्ज बेंजामिन (जन्म १९६०) यांच्याबद्दल माझं मत ठाम आहे. संथपणा हीच त्यांची खरी कमाई. १६व्या वर्षी ते पॅरिसला फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियां यांच्याकडे शिकायला गेले. १९८० साली, जेमतेम विशीत, त्यांची वाद्यवृंदरचना लंडनच्या प्रॉम्स या संगीत महोत्सवात वाजली. इतक्या लहान वयाच्या हयात संगीतकाराची रचना तोवर तिथे झाली नव्हती. त्यानंतर मागेल त्याला लिहून देत सुटणं सोपं होतं. त्यांनी ते केलं नाही. 'सडन टाइम' या सुमारे १५ मिनिटांच्या रचनेवर त्यांनी काही वर्षं घालवली. २०१२चा 'रिटन ऑन स्किन' हा ऑपेरा ऐका, दीड तासात एक स्वर भरतीचा सापडणार नाही.

खर्ज:
असहमत. 'पीटर ग्राइम्स' हा ऑपेरा रंगमंचावर आला तेव्हा त्याचा संगीतकार बेंजामिन ब्रिटन ३१ वर्षांचा होता. बेंजामिन यांचा पहिला ऑपेरा २००६चा, दोन गायिका आणि १५ वादकांचा. लंडनच्या किंग्ज कॉलेजात प्राध्यापकी आहे, वाद्यवृंद संचालनाची कामं आहेत, वर्षानुवर्षं वाट बघणारे महोत्सव आहेत. घरभाड्याची चिंता असलेल्या संगीतकाराला हा संथपणा परवडेल का? ज्याला परवडतो त्याचाच तो गुण ठरतो, हे मला खटकतं.

स्वरलिपी:
भाड्याचा मुद्दा खरा आहे, पण तो व्यवस्थेला विचारा. त्यांना संहितालेखक मिळत नव्हता. नाटककार मार्टिन क्रिम्प भेटले आणि २००६, २०१२, २०१८, २०२३ असे चार ऑपेरा झाले.

मध्यलय:
माझी तक्रार क्रिम्प यांच्याबद्दलच आहे. 'रिटन ऑन स्किन'मध्ये जमीनदार सचित्र पोथीसाठी तरुण चित्रकार घरी आणतो, बायको त्याच्यात गुंतते, नवरा त्याला मारून त्याचं काळीज तिला खाऊ घालतो. इतकी भीषण गोष्ट, आणि पात्रं मध्येच 'असं तो म्हणाला' छापाचं स्वतःबद्दलच सांगू लागतात! मी पूर्ण कोरडी राहिले.

स्वरलिपी:
मला नेमकं तेच भिडलं. नवऱ्याच्या लेखी ती नुसती 'बाई' आहे, आणि ती बजावते की माझं नाव आग्नेस. सगळेच तिच्याबद्दल सांगत असताना तिचं हे 'मी' किती मोठं होतं! शिवाय एवढा मोठा वाद्यवृंद असून गायकाचा शब्द बुडत नाही. काचेच्या हार्मोनिकाचा (ओल्या बोटांनी वाजवायचं काचेचं वाद्य) आणि व्हिओला दा गाम्बा या जुन्या तंतुवाद्याचा बारीक आवाजही स्वच्छ पोचतो. घाईत लिहिणाऱ्याला हे जमत नाही.

खर्ज:
कारागिरीबद्दल वाद नाहीच. पण २०१८च्या ऑपेरात इंग्लंडचा राजा दुसरा एडवर्ड याची गोष्ट, म्हणजे पुन्हा सत्ता, वासना आणि खून. चार ऑपेरा, लेखक एकच. सहा-सहा वर्षं घेणाऱ्याकडून मी नव्या वाटेची अपेक्षा ठेवतो.

मध्यलय:
खर्ज, २०२३चा ऐकलात का? मूल गमावलेली आई एका सुखी माणसाच्या बाहीचं बटण शोधत फिरते, ते मिळालं तर मूल जिवंत होणार असतं. तासाभराचा आहे. क्रिम्पवर माझा राग असूनही तिथे मी रडले.